देवयानीचे पुसलेले तारे

तो दुकानात आला तोच शिंकत.

एक, दोन, तीन... मी सातपर्यंत मोजलं. डिसेंबर म्हणजे आमच्याकडे मिरचीचे दिवस. गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते आणि जरा वारा सुटला की अख्ख्या नंदुरबारला ठसका लागतो. आम्हाला सवय झालीय. बाहेरचा माणूस मात्र लगेच ओळखू येतो.

"पाणी देऊ?" मी विचारलं.

त्यानं हातानंच 'थांबा' अशी खूण केली, आठव्यांदा शिंकला, डोळे पुसले आणि म्हणाला, "ताई, देवयानीचा फोटो मोठा करून पाहिजे."

साखरपुडा झालेला दिसतोय, मी मनात म्हटलं. उगाच जरा वाईटही वाटलं. नाक लाल झालेलं असलं तरी माणूस दिसायला बरा होता.

पेनड्राइव्ह लावला, तर कॉम्प्युटरवर बाईही नाही आणि बुवाही नाही. काळ्या पडद्यावर तिरपी पसरलेली, मधे पिवळसर आणि कडेला निळसर अशी एक मोठी चकती. भोवती भुरभुर पांढरे दाणे.

"ही देवयानी?"

"हो. दीर्घिका आहे. म्हणजे ताऱ्यांचं एक अख्खं गावच म्हणा. तोरणमाळला जाऊन काढलाय मी. आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे, रनाळ्याला. मी तिथं विज्ञान शिकवतो... हेमराज पाटील." बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तसा तो दाराकडे पळाला. "उद्या येतो! जरा जपून करा!"

जपून करा, हे मला सांगायचं!

आता माझ्याबद्दल सांगते. मी कामिनी. 'जसोदा फोटो स्टुडिओ' हे दुकान माझ्या वडिलांचं, म्हणजे लोटनआबांचं. नाव माझ्या आईचं. आबा लग्नांत फोटो काढतात आणि मी कॉम्प्युटरवर बसून त्यातलं नको ते काढते. मुरुम, डोळ्यांखालची वर्तुळं, उन्हानं रापलेली मान... एका नवरदेवामागे रुसून उभा राहिलेला मेव्हणा मी असा सफाईनं काढला होता, की अल्बम बघून लोक म्हणाले, हा लग्नाला आलाच नव्हता का? बायोडाटाचे फोटो करून घ्यायला तर शहाद्याहून, विसरवाडीहून लोक येतात.

दाराशेजारच्या शोकेसमध्ये आमच्या कामाचा नमुना लावलाय. तो फोटो माझाच आहे. टायमर लावून मीच काढलेला आणि मीच साफ केलेला. माझ्या डाव्या गालावर, डोळ्याखालपासून कानापर्यंत, तांबूस जन्मखूण आहे. शोकेसमधल्या कामिनीला ती नाही. दुकानातली माझी खुर्चीही मी अशी लावून घेतलीय, की डावा गाल भिंतीकडे राहतो.

तर त्या दुपारी मी देवयानीवर तीन तास बसले. एकेक पांढरा दाणा टिपून काढला. चकतीजवळ दोन धुरकट गोळे होते. लेन्सवर थेंब पडले असणार, तेही काढले. मधल्या काळपट रेघा पुसून रंग उजळला. फोटो तिरपा आला होता तो सरळ केला. शेवटी मागे सरकून बघितलं, तर धुतलेल्या पाटीसारखं स्वच्छ काम झालं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आला, शिंकला आणि प्रिंटसमोर उभा राहिला. उभाच राहिला.

"कसा झालाय?"

"ताई... तारे कुठे गेले?"

"कोणते तारे? दाणे होते बारीक बारीक. सगळे काढले."

तो आमच्या नवऱ्यामुलींना बसवायच्या स्टुलावर मटकन बसला. "आणि बाजूला दोन गोळे होते..."

"थेंबाचे डाग होते ते."

त्यानं डोळे मिटले. आता हा ओरडणार, या तयारीनं मी पदर खोचावा तशी ओढणीला गाठ मारली. पण त्याचे खांदे हलायला लागले. तो हसत होता! हसता हसता शिंका, शिंकता शिंकता हसू. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"मूळ फोटो आहे माझ्याकडे," मी फणकारले. "मी मूळ फाइल कधी पुसत नाही. हसायला काय झालं?"

"नाही नाही, तुम्हाला नाही हसलो. बाहेर बघा जरा. दारातून काय दिसतं?"

"हिलालकाकांचं किराणा दुकान."

"आणि दाराच्या काचेवर?"

"धूळ."

"इथून फोटो काढला तर दोन्ही येतील ना? हे पांढरे ठिपके काचेवरच्या धुळीसारखे. आपल्याच आकाशगंगेतले तारे आहेत, आपल्या अंगणातले. देवयानी त्यांच्या पलीकडे, खूप खूप लांब."

"मग धूळच पुसली ना मी? काच तर मी रोजच पुसते."

त्यानं डोकं खाजवलं. मला बरं वाटलं.

"पण... या धुळीतला एकेक कण म्हणजे एकेक सूर्य आहे," तो हळूच म्हणाला. "जवळचं काही दिसलं तरच लांबचं किती लांब ते कळतं. आणि ते दोन गोळे म्हणजे देवयानीच्या सोबतच्या लहान दीर्घिका. एकेकीत अब्जावधी तारे."

"म्हणजे मी..."

"दोन दीर्घिका आणि हजारभर सूर्य. एका दुपारी."

आता मात्र मलाही हसू आवरेना. हसताना मान वळली, तशी पटकन भिंतीकडे फिरवून घेतली.

"आणि या काळ्या रेघा?" मी विचारलं.

"त्या मात्र तिच्या स्वतःच्या. धूळ आणि वायूचे ढग. नवे तारे त्यातूनच होतात. त्या पुसल्या की नुसता गुळगुळीत भाकरीचा उंडा उरतो."

मी मूळ फाइल उघडली. काल तीन तास बघत होते, पण आज पहिल्यांदा बघितली. मधला पिवळा उजेड, त्याभोवती वळसे घेत गेलेले निळे हात आणि त्या काळ्या रेघा. रेघांमुळेच तर वळसे कळत होते. ती तिरपी होती, कारण आपल्याला ती तिरपी दिसते. तिथून निघालेला उजेड इथवर यायला पंचवीस लाख वर्षं लागली, असं तो म्हणाला. तेव्हा नंदुरबार नव्हतं, मिरची नव्हती, आपल्यासारखी माणसंही नव्हती. माझ्या अंगावर काटा आला आणि तो मी लपवला नाही.

"छान आहे हो," मी म्हटलं. "खरंच छान आहे."

त्याचा चेहरा असा फुलला, जणू देवयानी त्यानंच घडवली होती.

त्यानंतर तो तीन दिवसांआड यायला लागला. पेनड्राइव्हमध्ये पंधरा फोटो होते, पण प्रत्येक वेळी त्याला एकच मोठा करून हवा असायचा. माझ्या लक्षात आलं नाही असं समजू नका. तिसऱ्या फेरीला त्याच्या तोंडचं 'ताई' गळालं, तेही मी टिपलं.

"तुम्हाला अजून मिरचीची सवय कशी नाही?" मी एकदा विचारलं.

"मी तापीकाठचा. आमच्याकडे केळी. केळी बिचारी कुणाला शिंकवत नाही."

"मग केळीत राहायचं. इकडे कशाला येता?"

"फोटो... करायला."

"रनाळ्याच्या मुलांना आणखी किती दाखवणार आहात?"

तो कानापर्यंत लाल झाला. मिरचीनं नव्हे.

एका फेरीला त्यानं तीन दीर्घिका शेजारी शेजारी लावल्या. एक समोरून दिसणारी, गोल फिरणारी. एक देवयानीसारखी तिरपी. एक नुसती कडेवरून, सुरीच्या पात्यासारखी. मी म्हटलं, "एकच थाळी तीन तऱ्हांनी धरल्यासारखी."

"बरोबर! मुलांना हे समजवायला मला एक तास लागतो."

"मी नवरीला रोज सांगते, मान जरा तिरपी करा, हनुवटी खाली."

"यांना तसं सांगता येत नाही. ज्या बाजूनं दिसतात त्या बाजूनं बघायचं."

मी तिन्ही फोटो पुन्हा एकदा न्याहाळले. थोड्या वेळानं विचारलं, "आपल्या आकाशगंगेचा असा फोटो नाही का?"

"काढताच येत नाही. आपण आतच बसलोय ना. आपला फोटो लांबच्या कुणीतरीच काढायचा."

त्या दिवशी आई चहा घेऊन आली. सर आकाशाचं शिकवतात हे ऐकून तिनं पदराशी चाळा केला आणि एकदम म्हणाली, "सर, एक इचारू का? हाई पोर मन्हा पोटमा व्हती. गिऱ्हान लागेल व्हतं आनि मी गिलकं चिरं. मन्ही चूकमुये पोरले डाग पडना ना?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. तीन आठवडे मी भिंतीला गाल लावून बसले होते आणि आईनं ग्रहणातल्या एका गिलक्यात सगळं सांगून टाकलं.

पण हेमराज माझ्याकडे बघत नव्हता. तो उठून आईजवळ गेला आणि पहिल्यांदाच आमच्या बोलीत बोलला. "माय, गिऱ्हान म्हंजे नुसती सावली शे. चांदनी सावली, नही तं आपली धरतीनी सावली. सावलीमुये कोनले डाग पडस का? तुम्ही काहीच करं नही."

"खरंच?"

"खरंच. तुन्ही आन, माय."

आईनं कपबशी खाली ठेवली आणि पदर डोळ्यांना लावला. चोवीस वर्षं ती गिलक्याची भाजी करत नव्हती. आम्हाला वाटायचं तिला आवडत नाही.

मला तो त्याच दिवशी आवडला. आधीही आवडत होता, पण त्या दिवशी मी ते स्वतःशी कबूल केलं. आणि कबूल करून काही उपयोग नव्हता, कारण रविवारी सुरतची मंडळी मला बघायला येणार होती.

त्यांना फोटो पसंत पडला होता. शोकेसमधलाच. याआधी दोन ठिकाणचे लोक तोच फोटो बघून आले, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि दारातून निघताना एकमेकांत पुटपुटले, "फोटोत नव्हतं बुवा." दुसऱ्या वेळी तर मुलाची आत्या सरळ म्हणाली, आम्हाला फसवलं. आबा त्या दिवशी जेवले नव्हते. तरी मी फोटो बदलला नाही. खरा फोटो लावला तर कुणी येणारच नाही, अशी मला भीती होती.

शनिवारी प्रदर्शन होतं. फ्रेम केलेले फोटो पोचवायला आबा, आई आणि मी ओमनीनं रनाळ्याला गेलो. शाळेच्या व्हरांड्यात माझे प्रिंट ओळीनं लागले होते, आणि गावातली माणसं देवयानीपुढं उभी राहून हळू आवाजात बोलत होती. एका म्हाताऱ्यानं ठिपक्यांवरून बोट फिरवत विचारलं, "इतला तारा?" माझी मान ताठ झाली. ते सगळे मी जागेवर ठेवले होते!

दिवेलागण झाली. हेमराजनं मैदानात दुर्बीण लावली आणि रांग संपल्यावर मला बोलावलं. आई-आबा मास्तरांच्या खोलीत चहाला बसले होते.

मी उजवा डोळा लावला. अंधारात एक पुसट, करडा धब्बा. कापसाचा पेळू भिजल्यावर दिसावा तसा.

"एवढंच?"

"एवढंच. डोळ्याला एवढंच दिसतं."

"आणि ते वळसे? ते निळं... त्या रेघा?"

"ते एका नजरेत नाही दिसत. कॅमेरा थोडा थोडा उजेड घेतो. पाच मिनिटं, पुन्हा पाच मिनिटं... असा चार तासांचा उजेड एकावर एक ठेवला, की मग ती दिसते." तो थांबला. "मी पण तसंच करं."

"काय?"

"पंधरा फोटो एकाच दिवशी देता आले असते. पण... सात फेऱ्या. एकेका फेरीला वीस मिनिटं."

मी दुर्बिणीवरचा डोळा काढला नाही. काढायची हिंमतच नव्हती. मग लक्षात आलं — उजवा डोळा दुर्बिणीला म्हणजे डावा गाल पूर्ण त्याच्याकडे! ओढणी केव्हाच खांद्यावर घसरली होती.

"दिसलं?" मी विचारलं.

"काय?"

"गाल."

"तो तं मी पहिलाच दिन देखेल शे."

मी झटकन ताठ झाले. "कसं शक्य आहे? मी तर भिंतीकडं..."

"तुन्हा बाजूनी भीतवर आरसा शे ना. गिऱ्हाइकं केस विंचरतस तो."

आरसा! कंगवा बांधलेला आरसा, माझ्याच हातानं लावलेला! इतकी वर्षं मी गिऱ्हाइकांपासून गाल लपवत होते आणि प्रत्येक गिऱ्हाईक भांग पाडता पाडता तो बघून जात होतं. मी कपाळावर हात मारला. हेमराज हसायला लागला आणि मीही, इतकी की आबा खोलीतून डोकावले.

"उद्या सुरतचे लोक येताहेत," हसू ओसरल्यावर मी सांगून टाकलं. "मला बघायला."

त्याचं हसू विझलं. तो बराच वेळ दुर्बिणीचं झाकण लावत राहिला. झाकण आधीच लागलेलं होतं. "फोटो बघून?" त्यानं विचारलं.

"फोटो बघून."

परतीच्या रस्त्यावर पथाऱ्यांवरून मिरचीचा वास येत होता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मिरचीचं आहे असं आईनं समजून घेतलं.

रविवारी सकाळी सातलाच मी दुकान उघडलं. माझ्या त्या फोटोची मूळ फाइल शोधली. होतीच, मी मूळ फाइल कधी पुसत नाही. ती मोबाइलवर घेतली, सुरतला पाठवली आणि खाली लिहिलं, 'मी अशी आहे. यायचं असेल तर हे बघून या.' मग आबांना सांगितलं. आबांनी शोकेसची किल्ली माझ्या हातात दिली आणि मी तो फोटो काढून ठेवला.

वीस मिनिटांत उत्तर आलं. प्रवासाचा योग नाही म्हणे.

रडू आलं. नको असलेल्या माणसांनी नको म्हटलं तरी लागतंच. पण दुपारी आईनं जेवायला वाढलं, तर ताटात गिलक्याची भाजी होती. मी दोनदा मागून घेतली.

सोमवारी दुपारी दारात शिंक आली. मी न बघताच पाण्याचा ग्लास पुढं केला.

"बायोडाटा करायचाय," हेमराज म्हणाला. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला. "माझा."

आई-आबा बाजूलाच अल्बम चिकटवत बसले होते, म्हणून तोंड कोरं ठेवून मी टायपायला घेतलं. "नाव?"

"हेमराज गोपाल पाटील."

"शिक्षण?"

"एम.एस्सी., बी.एड."

"छंद?"

"शिंकणे."

"नीट सांगा!"

"आकाशाचे फोटो."

"अपेक्षा? मुलगी नोकरी करणारी हवी, की घर सांभाळणारी?"

"दुकान..." तो घोटभर पाणी प्यायला. "दुकान सांभाळणारी."

माझी बोटं थांबली. मागं चिकटपट्टीचा आवाजही थांबला.

"किती प्रती?" मी कसंबसं विचारलं. "लोक पन्नास काढतात."

"एकच जोयजे. एकच घरी देनी शे."

प्रिंटरमधून कागद आला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि आबांसमोर धरला. आबांनी तो आईकडं दिला. आईनं चष्मा लावून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत सावकाश वाचला, नावापासून दुकानापर्यंत. मग चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं.

"आमनी पोरना फोटो देखा का तुम्ही? शोकेसमा लायेल व्हता तो?"

"देखा, माय," हेमराज म्हणाला. "पन त्यामा तारा पुसेल शेत."

आबा उठले, भिंतीवरचा कॅमेरा काढला आणि त्याच्या हातात दिला.

मी नवऱ्यामुलींच्या स्टुलावर जाऊन बसले. आजवर माझे सगळे फोटो मीच काढले होते. हनुवटी किती खाली, मान किती तिरपी, सगळं मला पाठ होतं. ते सगळं सोडून दिलं आणि डावा गाल दाराकडून येणाऱ्या उन्हाकडं केला.

"अशी?" मी विचारलं.

"अशीच," तो म्हणाला, आणि बटण दाबता दाबता शिंकला.

तो हललेला फोटो मी जपून ठेवलाय. दुसरा काढला तो नीट आला. त्याच्यासोबत माझा बायोडाटा छापला, एकच प्रत, तापीकाठच्या एका केळीवाल्या घरासाठी. त्याच फोटोची आणखी एक प्रिंट मोठी करून शोकेसमध्ये लावली. त्यातलं मी काहीही काढलेलं नाही.